पाच खेळतात, संघ मात्र बाराजणांचा

अभ्यासपाठ : गटातल्या ‘मागे बसणाऱ्या’ ताईंसाठी आणि त्यांना मागे बसवणाऱ्या ताईंसाठीही



पाठ सुरू करण्याआधी एक काम करा. आपल्या गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडा आणि मागच्या सहा बैठकांमध्ये कोणाकोणाची नावं लिहिली गेलीत ते बघा. बहुतेक गटांत अध्यक्षांचं नाव असेल, सचिवांचं असेल, कोषाध्यक्षांचं असेल. कर्ज घेतलं त्या ताईंचं असेल. बाकीच्यांसाठी एकच ओळ असते, ‘उपस्थित सदस्य : ११’. झालं, त्यांची नोंद संपली.

आजचा पाठ त्या एका ओळीत बसलेल्या बायकांविषयी आहे. तो शिकायला आपण जरा लांब जाणार आहोत, थेट अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर. घाबरू नका, खेळ सोपा आहे. आपल्या मुली हायस्कूलमध्ये खेळतात तोच.

खेळ कसा असतो?

जमिनीपासून दहा फुटांवर लोखंडी कडं असतं, त्याला जाळी. चेंडू त्यातून खाली पाडायचा की गुण मिळतात. एका वेळी एका संघाचे ५ जण खेळतात. पण आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे संघात १२ जण असू शकतात. उरलेले मैदानाच्या कडेला बाकावर बसतात. आपल्या कबड्डीत नाही का, ७ मैदानात आणि ५ राखीव? तसंच. फरक इतकाच की बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. आत आलेला बाहेर जातो, बाहेर गेलेला पुन्हा आत येतो.

आता हिशेब करू, आपल्याला हिशेबाची सवय आहेच. अमेरिकेत एनबीए नावाची मोठी व्यावसायिक स्पर्धा चालते. तिथला सामना ४८ मिनिटांचा असतो. पाच जागा गुणिले ४८ मिनिटं, म्हणजे २४० मिनिटांचं काम. समजा, पहिले पाच खेळाडू प्रत्येकी ३४ मिनिटं खेळले. पाच चौतीस किती? १७०. मग उरलेली ७० मिनिटं कोणाची? बाकावरच्यांची! म्हणजे चार आण्यांपेक्षा जास्त काम ज्यांची नावं आपण विचारत नाही ते करतात. त्यात कोणी दमतो, कोणाचा पाय मुरगळतो, कोणाच्या चुका भरतात आणि नियमाप्रमाणे त्याला बाहेर जावं लागतं. तेव्हा बाकावर तयार माणूस नसेल तर जिंकत आलेला सामना हातचा जातो.

‘सहावा’ कोण?

फार वर्षांपूर्वी, १९५० च्या दशकात, बॉस्टन सेल्टिक्स संघाच्या रेड ऑरबॅक या प्रशिक्षकांनी एक युक्ती केली. फ्रँक रॅम्सी नावाचा त्यांचा चांगला खेळाडू ते मुद्दाम सुरुवातीला खेळवत नसत. समोरच्या संघाचे पाच जण धावून धावून दमले, की हा ताज्या दमाचा खेळाडू आत पाठवायचे. त्याच्यानंतर जॉन हॅव्हलिचेकने तीच जागा गाजवली. पुढे या ‘सहाव्या’ माणसाची किंमत इतकी कळली, की एनबीएमध्ये १९८२-८३ च्या हंगामापासून सर्वोत्तम सहाव्या खेळाडूसाठी वेगळा पुरस्कारच सुरू झाला.

यातली गोम लक्षात घ्या. बाकावर कच्चे खेळाडूच बसवायचे असतात असं नाही. कधीकधी पक्का माणूस तिथे ठेवावा लागतो, कारण खरी गरज मध्येच पडते.

आंद्रे इग्वोडालाची गोष्ट

आता मुख्य गोष्ट. आंद्रे इग्वोडाला हा मोठ्या नावाचा खेळाडू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात तो होता. एनबीएमध्ये दहा हंगाम झाले, साखळीचे ७५८ सामने खेळला, आणि त्या ७५८ पैकी प्रत्येक सामन्यात तो पहिल्या पाचात होता. एकदाही बाकावरून सुरुवात नाही.

२०१४ मध्ये त्याच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाला नवे प्रशिक्षक आले, स्टीव्ह कर. त्यांनी इग्वोडालाला सांगितलं, तू आता बाकावरून ये. त्याच्या जागी हॅरिसन बार्न्स हा तरुण पोरगा सुरुवात करणार होता. कारण काय? बार्न्स चांगल्या खेळाडूंच्या सोबतीने जास्त खुलत होता. आणि पहिले पाच विश्रांतीला गेले की मागची फळी कोलमडत होती, तिला सांभाळणारं कोणी जाणतं माणूस हवं होतं.

आता विचार करा, ताई. दहा वर्षं तुम्ही गटाच्या अध्यक्ष आहात आणि कोणी म्हणालं, ‘यंदा दुसरीला बसू दे, तुम्ही मागून सांभाळा.’ कसं वाटेल? पोटात तुटतंच. इग्वोडालालाही ते सोपं गेलं नाही. पण त्याने ऐकलं. त्या हंगामात तो साखळीचे ७७ सामने खेळला आणि सगळेच्या सगळे बाकावरून. संघाने ८२ पैकी ६७ सामने जिंकले.

मग आली २०१५ ची अंतिम मालिका. समोर क्लीव्हलँडचा संघ आणि त्यात लेब्रॉन जेम्स, जगातला नावाजलेला खेळाडू. चार सामने जो आधी जिंकेल तो विजेता. तीन सामने झाले तेव्हा वॉरियर्स १-२ असे मागे पडले होते. आणखी एक हरले असते तर गाडं रुतलंच असतं.

इथे गोष्टीत आणखी एक माणूस येतो, आणि तो तर बाकाच्याही मागचा! निक युरेन नावाचा २८ वर्षांचा सहायक. तो खेळाडू नव्हता. प्रशिक्षकांची मदत करायची, सामन्यांची चित्रफीत तयार करायची, ही त्याची कामं. त्या रात्री तो आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेचं चित्रीकरण बघत बसला होता. त्याच्या लक्षात आलं, की त्या वेळी सॅन अँटोनियोच्या संघाने पहिल्या पाचात एक बदल केला आणि डाव फिरला. त्याने रात्रीच कळवलं : सात फुटी उंच अँड्र्यू बोगटला बसवा आणि इग्वोडालाला सुरुवातीला घ्या. उंची कमी होईल, पण वेग वाढेल.

प्रशिक्षकांनी ‘तू कोण सांगणारा’ असं म्हटलं नाही. त्यांनी ते ऐकलं. चौथा सामना वॉरियर्सनी १०३-८२ असा जिंकला. इग्वोडालाने २२ गुण केले आणि लेब्रॉनला अडवण्याचं सगळ्यात जड कामही मुख्यतः त्यानेच केलं. सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी चारचौघांत सांगितलं, की ही कल्पना युरेनची. पुढचे दोन सामनेही जिंकून १६ जून २०१५ ला वॉरियर्स विजेते झाले, तब्बल ४० वर्षांनी. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ११ पैकी ७ मतं मिळाली इग्वोडालाला. साखळीत एकाही सामन्यात सुरुवात न करणाऱ्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

आणि बोगटचं काय? तो जवळजवळ पूर्ण हंगाम पहिल्या पाचात होता. ऐन वेळी बाकावर गेला आणि शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. म्हणजे बाक हा एकाच माणसाच्या नशिबी लिहिलेला नसतो. आज तुझी पाळी, उद्या माझी.

जाता जाता एक. प्रशिक्षक स्टीव्ह कर स्वतः खेळत होते तेव्हा तेही बाकावरूनच येत. १९९७ च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात शिकागो आणि युटा ८६-८६ असे बरोबरीत होते. सगळ्यांना वाटलं, शेवटचा चेंडू मायकल जॉर्डनच मारणार. दोघं त्याच्यावर धावले. जॉर्डनने चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या करकडे दिला आणि त्यांनी तो पाच सेकंद उरले असताना बास्केटमध्ये टाकला. शिकागो जिंकलं. बाकावर बसण्याचं दुःख आणि मोल दोन्ही ठाऊक असलेला माणूसच इग्वोडालाला तसं सांगू शकला.

गुण न करता कमाई कशी?

तिथे खेळाडूचा एक हिशेब ठेवतात, अधिक-उण्याचा. समजा, एक खेळाडू आत आला तेव्हा संघ ४०-४४ असा चार गुणांनी मागे होता. तो बाहेर गेला तेव्हा ५६-५२ असा चार गुणांनी पुढे. त्याने स्वतः केले फक्त २ गुण. पण तो आत असताना संघाला ८ गुणांचा फायदा झाला. त्याने कोणाला अडवलं, कोणाला चेंडू दिला, कोणाची जागा राखली, हे फलकावर दिसत नाही. अधिक-उण्यात दिसतं. एका सामन्यावरून ठरवू नये, पण बरेच सामने मिळून खरं काय ते कळतं.

आपल्या गटातही असं असतं. फराळाची ऑर्डर आली की दुकानदाराशी बोलणारी एक, पैसे मोजणारी एक. पण चकलीचं पीठ कधी सैल झालं ते ओळखणारी ताई वेगळीच असते. हप्ता थकलेल्या बाईच्या घरी संध्याकाळी गुपचूप जाऊन, भांडण न करता, अडचण विचारून येणारी वेगळीच. ती कधी व्यासपीठावर बसत नाही. पण ती गटात आहे तोवर परतफेड वेळेवर होते. तिचं अधिक-उणे मांडून बघा.

इथे जपून!

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हा पाठ वाचून कोणी म्हणेल, ‘बघा, मागे बसण्यातही मोठेपणा आहे, तेव्हा बसा गप.’ असा अर्थ अजिबात काढू नका. इग्वोडाला बाकावर बसला तेव्हा त्याला कारण सांगितलं होतं. त्याच्या करारातले पैसे कमी झाले नाहीत. त्याला बहुतेक सगळ्या सामन्यांत खेळायला मिळालं आणि गरज पडली तेव्हा पुढची जागाही मिळाली. आपल्या गटात एखादी ताई भूमिहीन आहे म्हणून, शिकलेली नाही म्हणून, विधवा आहे म्हणून किंवा अमुक वस्तीतली आहे म्हणून कायम सतरंजी घालायला आणि चहा करायलाच उठत असेल, तर ती राखीव खेळाडू नाही. तिला आपण बाजूला सारलंय. दोन्हीतला फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात : तिला विचारलं होतं का? तिची पाळी येते का? वाटा सारखा मिळतो का?

आणि उलट बाजूही आहे. सगळं काम एकाच सचिवताईंवर टाकलेलं असेल तर तोही अन्यायच. त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, आजारी पडल्या, की वही बंद, बँक बंद, बैठक बंद. मग आपण म्हणतो, ‘गट मोडला.’ गट मोडत नाही हो, आपण बाकावर कोणाला तयारच केलेलं नसतं.

पुढच्या बैठकीत हे करा

१. गटाची सगळी कामं फळ्यावर लिहा : वह्या लिहिणं, बचत गोळा करणं, बँकेत जाणं, परतफेडीचा पाठपुरावा, ग्रामसंघाच्या बैठकीला जाणं, माल विकणं. प्रत्येक कामासमोर दोन नावं हवीत. दुसरं नाव सुचत नसेल तिथे खूण करा. तिथेच गटाला धोका आहे.

२. महिन्यातून एकदा दुसऱ्या नावाच्या ताईंनी वही लिहायची आणि पहिलीने शेजारी बसून फक्त बघायचं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. हिशेब सरळ हवा.

३. बँकेत कोणाच्या सह्या चालतात ते सगळ्यांना माहीत करून द्या. सह्या बदलायच्या असतील तर आधी बैठकीत ठराव लिहा.

४. पद सोडणाऱ्या ताईंना रिकामं सोडू नका. त्यांचा अनुभव मागच्या फळीला हवा असतो. कोणतं काम आवडेल ते त्यांनाच विचारा.

५. चांगली सूचना ज्या ताईंनी केली त्यांचं नाव इतिवृत्तात लिहा. ‘एका सदस्याने सुचवले’ असं नको. पूर्ण नाव लिहा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या गटातली कोणती ताई आठ दिवस नसली तर काम अडतं? का?
• मागच्या वर्षात जिने एकदाही तोंड उघडलं नाही अशी ताई कोण? तिला कोणी, कधी विचारलं?
• आपण स्वतः एखादं काम दुसरीच्या हाती द्यायला कचरतो का? खरं सांगायचं हं, लाजायचं नाही.

चर्चा झाली की इतिवृत्त लिहा. आणि या वेळी ‘उपस्थित सदस्य : ११’ लिहून थांबू नका. अकराही नावं लिहा, आणि प्रत्येकीपुढे ती काय म्हणाली त्याची एक ओळ.