हजेरी : रोटरीच्या बैठकीतून शिकलेला एक पाठ



या अंकाच्या पाठात रक्तदाब नाही, साखर नाही, गुडघेही नाहीत. विषय आहे एका क्लबचा. मी १९९७ पासून आमच्या गावच्या रोटरी क्लबचा सभासद आहे. मंदिरात पुष्कळजण विचारतात, "डॉक्टर, दर मंगळवारी त्या गोऱ्या लोकांबरोबर जेवून तुम्हाला काय मिळतं?" त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे म्हणतो. ते द्यायला एका प्रसंगाने मला भाग पाडले आहे, तो पुढे येईलच.

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस नावाचा वकील व्हरमाँटमधल्या एका लहान गावात वाढला होता. एवढ्या मोठ्या शहरात त्याची वकिली चालली, पण रविवारी जायचे कोणाकडे, हा प्रश्न होता. त्याने तिघांना जमवले : एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे ठरले. पाळी फिरती, म्हणून नाव रोटरी. समाजसेवा नंतर आली. १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून त्यांनी खटपट केली, ते त्यांचे पहिले लोकोपयोगी काम. मुळात ती परगावात एकट्या पडलेल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेली सोय होती. हे वाचून आपल्यापैकी अनेकांना आपले या देशातले पहिले वर्ष आठवेल. मला तरी आठवले.

आमची बैठक मंगळवारी संध्याकाळी असते. अध्यक्ष लहानशी घंटा वाजवतात, राजाच्या नावे ग्लास उंचावला जातो (माझ्या ग्लासात संत्र्याचा रस), मग जेवण. पहिली काही वर्षे 'व्हेजिटेरियन' म्हणजे चीज घातलेला उकडलेला बटाटा एवढेच समीकरण होते. आता हॉटेलवाल्याला छोले जमतात. जेवणानंतर एकजण काहीतरी खुसपट काढून सभासदांना पन्नास पेन्सचा दंड करतो. कोणाचा फोटो पेपरात आला, कोणाची नवी गाडी दिसली, दंड! हसत खेळत डबा भरतो. मग पाहुण्यांचे भाषण, आभार, घंटा. साडेनऊला सगळे घरी.

या सगळ्यात मला सुरुवातीला जाच वाटायची ती गोष्ट म्हणजे हजेरीची वही. येणार नसाल तर आधी कळवायचे. पूर्वी ठरावीक टक्के हजेरी नसेल तर सभासदत्व जायचे. गावाला गेलात तर तिथल्या क्लबमध्ये बसून हजेरी भरून काढायची. २०१६ पासून रोटरीने या नियमांत बरीच मोकळीक दिली आहे, पण आमच्याकडे वही अजून आहे. मला ती शाळकरी वाटे. नंतर एकदा सौ.च्या ऑपरेशनच्या गडबडीत मी न कळवता गैरहजर राहिलो. रात्री नऊ वाजता सेक्रेटरीचा फोन. दुसऱ्या दिवशी दोन सभासद दारात उभे, एकाच्या हातात सूपचे भांडे. त्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर. तोवर आमचे बोलणे हवामानापलीकडे गेले नव्हते.

आता तो प्रसंग. आपल्या शनिवारच्या भजनाला एक काका नियमाने येत. त्यांचे नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पत्नी गेल्यावर एकटेच राहत. सलग दोन शनिवार ते दिसले नाहीत. मला वाटले, मुलाकडे गेले असतील. इतरांना वाटले, भारतात गेले असतील. प्रसाद वाटून झाला, आपण सगळे घरी गेलो. प्रत्यक्षात पहिल्या शनिवारच्या आधीपासून त्यांना ताप होता, आणि दुसऱ्या शनिवारी पहाटे ते बाथरूमच्या दारात पडले. उठता येईना. त्यांच्यापासून दीड मैलावर आपण टाळ वाजवत होतो. रविवारी दुपारी शेजारणीला पायरीवरच्या दुधाच्या बाटल्या दिसल्या, तेव्हा दार उघडले गेले. काका वाचले, पण आता ते स्वतःच्या घरात राहू शकत नाहीत. मी चाळीस वर्षे डॉक्टरकी केली. ते बसत त्याच्या दोन ओळी मागे बसतो. मी विचारले नाही.

यातले वैद्यक थोडक्यात सांगतो, कारण ते कामाचे आहे. पडण्याने हाड मोडते, हे सर्वांना ठाऊक असते. पण जमिनीवर तासाभराहून जास्त पडून राहणे हा स्वतंत्र धोका आहे. अंग गार पडते, पाणी कमी होते, दाबल्या गेलेल्या जागी त्वचा मरते, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. दबलेले स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. म्हणजे पडल्यानंतर कोणाला किती वेळात कळते, यावर पुष्कळ अवलंबून असते. पडलात आणि उठता येत नसेल तर धडपड करून दमू नका. हाताला येईल ते, टॉवेल, कोट, गालिचा, अंगावर ओढा. जमेल तसे कूस बदलत राहा. भिंतीवर किंवा पाइपवर काहीतरी आपटत राहा. मोबाइल रात्री उशाशी आणि दिवसा खिशात असू द्या. फोन हाती असेल तर ९९९ लावायला संकोच करू नका; "उगाच त्रास कशाला" हे वाक्य मी फार रुग्णांकडून फार उशिरा ऐकले आहे. गळ्यात घालायचे अलार्मचे बटण मिळते, अनेक कौन्सिले थोड्या शुल्कात देतात. घेतले असेल तर ते खुंटीवर टांगू नका.

क्लबच्या पैशांबद्दलही सांगायला हवे, कारण मंदिरात त्यावरून नेहमी कुजबुज असते. ख्रिसमसच्या आधी आम्ही सांताक्लॉजची गाडी गल्लोगल्ली फिरवतो. मी मागून बादली घेऊन चालतो, कानटोपी घालून, नाक लाल करून. त्यासाठी कौन्सिलचा परवाना काढलेला असतो, बादल्या सीलबंद असतात, त्या दोघांसमोर उघडतात आणि आकड्याखाली दोघांच्या सह्या होतात. लोकांनी दिलेला पैसा धर्मादाय खात्यात जातो. आमचे जेवण, हॉलचे भाडे, टपाल हे सारे आमच्या वर्गणीतून. दोन खाती, दोन पुस्तके. दारात नाणी टाकणाऱ्या मुलाच्या पैशातून माझे छोले येत नाहीत, हे मला शपथेवर सांगता येते.

रक्कम लहान म्हणून कोणी लाजू नये. रोटरीच्या जागतिक निधीची कल्पना आर्च क्लंफ यांनी १९१७ मध्ये मांडली. त्यात पहिली देणगी आली ती साडेसव्वीस डॉलरची, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. त्याच फाउंडेशनने पुढे १९८५ मध्ये जगभरच्या मुलांना पोलिओचे डोस देण्याचा विडा उचलला. मी १९८० मध्ये मिरजेजवळ इंटर्नशिप करत होतो, तेव्हा बाह्यरुग्ण विभागात कॅलिपर लावलेली मुले रांगेने बसलेली असत. आयांना काय सांगायचे, हे पुस्तकात नव्हते. १९८८ मध्ये जगात सव्वाशे देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना तो होई. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्या रात्री मी मिरजेच्या वर्गमित्राला फोन लावला. दोघांनाही फारसे बोलता आले नाही. आमच्या गावच्या बागेत दर शरद ऋतूत आम्ही जांभळ्या क्रोकसचे कंद लावतो. डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीला लावतात त्या शाईचा तो रंग.

पाहुण्यांच्या भाषणाचेही असेच. १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायोतील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या. दृष्टिहीनांसाठी उभे राहा, एवढीच मागणी त्यांनी केली. आजही लायन्स म्हटले की डोळ्यांचे काम आठवते, ते त्या एका भाषणामुळे. माझे पहिले भाषण मात्र रक्तदाबावर होते, चाळीस स्लाइड्स. पंचविसाव्या स्लाइडला पुढच्या रांगेत घोरणे सुरू झाले. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "डॉक्टर, वीस मिनिटं, आणि शेवटी आम्ही काय करायचं ते एक सांगा." पुढच्या वेळी मी मिरजेची रांग सांगितली. कोणी घोरले नाही.

म्हणून आजच्या माझ्या वीस मिनिटांचे एक मागणे. हजेरी आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वाटेवर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, लाखोंचा समुदाय शांत होतो, दिंड्यांची हजेरी होते आणि हरवले-सापडले पुकारले जाते. आपल्या बायकांच्या भिशीतही एखादी आली नाही तर त्याच रात्री फोन जातो. फक्त आपल्या शनिवारी कोणी मोजत नाही.

विश्वस्तांनी संमती दिली आहे. पुढच्या महिन्यापासून भजनाआधी ज्येष्ठांची हजेरी घेऊ. न कळवता न आलेल्यांना त्याच संध्याकाळी फोन जाईल, फोन उचलला नाही तर कोणीतरी दारापर्यंत जाईल. त्यासाठी बारा स्वयंसेवक हवेत. गाडी चालवणारे असतील तर उत्तम. फोनवर नुसते बोलणारेही हवेत. माझ्या मते घरातून फारसे बाहेर न पडणाऱ्या सभासदांनीच हे काम घ्यावे, ते त्यांना जास्त चांगले जमेल. ज्यांना अलार्मचे शुल्क झेपत नाही त्यांच्यासाठी वेगळा निधी काढला आहे, त्याचे खाते वेगळे, सह्या दोघांच्या. आपण आयकर भरत असाल तर पावतीवर गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करा. दर पौंडामागे सरकार पंचवीस पेन्स जास्त देते. पेन्शन कमी आहे आणि कर लागतच नाही, अशांनी मात्र ती खूण करू नये. फरकाची रक्कम नंतर तुमच्याकडून मागितली जाऊ शकते.

फॉर्म चपलांच्या कपाटाशेजारी ठेवले आहेत. नाव, फोन, औषधांची यादी, जवळचे नातेवाईक असे रकाने आहेत. शेवटचा रकाना आहे : घराची दुसरी किल्ली कोणाकडे? त्या काकांची किल्ली कोणाकडेच नव्हती, दार फोडावे लागले. तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म देऊ नका. शेजारी इंग्रज असले तरी चालेल, आधी त्यांच्याशी बोलून घ्या.