काँक्रीटची धूळ : छाती सांभाळा, हक्क मागा

नांदूरघाट आणि केज तालुक्यातून आपले बांधव ऊसतोडीला जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. हंगाम संपला की त्यातलेच बरेच जण पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातात. गावातही घरकुल, नाली, सिमेंट रस्ता अशी कामे निघतात. काँक्रीट कापणे, भिंतीला झिरी मारणे, फरशी घासणे आणि शेवटी झाडून काढणे ही कामे बिगाऱ्याच्या वाट्याला येतात. झाडणारी बहुधा बाई असते. म्हणून या महिन्याचा पाठ धुळीवर.

धूळ काय करते?

वाळू, काँक्रीट, विटा, ग्रॅनाइट यांत सिलिका असते. नुसती पडलेली वाळू त्रास देत नाही. कटर लागला की तिचे पीठ होते. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते. खरी घातक धूळ दिसतच नाही. तिचे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. ते फुप्फुसात खोल रुततात, तिथे व्रण होतात आणि फुप्फुस कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1997 मध्ये ही धूळ कर्करोगकारक ठरवली.

सुरुवातीला काहीच जाणवत नाही. बहुधा दहा-पंधरा वर्षांनी कोरडा खोकला आणि चढावर दम लागणे सुरू होते. धूळ फार असेल तर लवकरही. सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर गाठतो आणि दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात. म्हणून डॉक्टरांना न विचारताही सांगा, "मी इतकी वर्षे कटरवर काम केले." थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे दोन्ही करून घ्या.

इतिहास काय सांगतो?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे 1930-31 मध्ये बोगदा खोदला गेला. पाणी मारल्याने धूळ बसते, हे तेव्हाही माहीत होते. तरी कोरडेच खोदकाम झाले. आतले बहुसंख्य मजूर कृष्णवर्णीय होते. त्यांतले शेकडो सिलिकोसिसने गेले. तिथे वर्णावर ठरले, आपल्याकडे जातीवर ठरते, की धूळ कोणी खायची.

साईटवर काय करावे?

1. आधी कापणे टाळा. पाइपची जागा स्लॅब भरतानाच सोडली तर नंतर झिरी मारावी लागत नाही. टाइल हाताच्या कटरने तोडता येते.
2. पाण्याची नळी जोडलेले कटर मशीन मागा. पाते फिरते तिथे मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी पडले पाहिजे.
3. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसेल. त्याला झाकण आणि धूळ ओढणारे व्हॅक्यूम हवे. पाण्याच्या मशीनलाही अर्थिंग आणि करंट तोडणारा स्विच हवाच.
4. गमछा किंवा पदर बारीक धूळ अडवत नाही. एन-95 मास्क लावा, नाकावर घट्ट दाबा. दाढीमुळे फट राहते. मास्क हा पाण्याला पर्याय नाही, जोड आहे.
5. कोरडे झाडू नका. पाणी शिंपडून मगच झाडा.
6. कपडे साईटवरच बदला. घरी झटकू नका, लेकरांच्या छातीत धूळ जाते.
7. विडी-सिगारेट सोडा.

हक्काचे काय?

पाणी, मशीन, मास्क देणे ही गुत्तेदाराची जबाबदारी आहे. एकट्याने मागितले तर "उद्या येऊ नको" असे ऐकावे लागते. म्हणून काम ठरतानाच, मजुरीबरोबर, सगळ्या टोळीने मिळून मागा.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम, एवढी मुख्य अट आहे. कामाचा दाखला गुत्तेदार किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) देतो. बायांनी स्वतःच्या नावाने नोंदणी करावी. कुठे, किती दिवस, कोणाकडे काम केले ते वहीत लिहून ठेवा. आजार निघालाच तर तोच पुरावा.

पुढच्या बैठकीत एवढे करू : वस्तीतले कोण कटरवर जाते, कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे आणि कोणाची नोंदणी राहिली आहे, याची यादी करू. खोकला असलेल्यांना त्याच आठवड्यात दवाखान्यात नेऊ.