वेगाला आवर

प्रस्तावना

शाळेजवळच्या रस्त्यावर गतिरोधक असतो. तो वाहन अडवत नाही. चालकाला वेग कमी करून समोर पाहायला लावतो. मोबाइलसारख्या साधनातही असा गतिरोधक असावा का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• अफवेचा प्रसार आणि संदेशवहनाचा वेग यांतील संबंध सांगता येईल;
• साधनाच्या रचनेचा माणसाच्या वर्तनावर होणारा परिणाम उदाहरणाने स्पष्ट करता येईल;
• संदेश पुढे पाठवताना विवेक बाळगता येईल.

पाठ

यंत्राचे मोल त्याच्या वेगावरून ठरवण्याची सवय समाजाला फार पूर्वीपासून आहे. बैलगाडीपेक्षा आगगाडी आणि पत्रापेक्षा तार श्रेष्ठ मानली गेली, ती याच कारणाने. वेगामुळे माणसाचे श्रम वाचले, संकटात मदत लवकर पोहोचू लागली. हे नाकारता येत नाही. परंतु संदेश पोहोचण्यास लागणारा वेळ जसजसा घटला, तसतसा त्यावर विचार करण्यास मिळणारा वेळही घटला. पत्र लिहिणाऱ्याला पाकीट बंद करेपर्यंत तरी आपला मजकूर पुन्हा वाचण्याची संधी असे. मोबाइलवर आलेला मजकूर मात्र, तो खरा की खोटा हा प्रश्न मनात उमटण्यापूर्वीच, बोटाच्या स्पर्शाने पुढे गेलेला असतो.

याचा भयंकर परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. २०१८ मध्ये मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून देशाच्या अनेक भागांत पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण आले होते. भिक्षा मागून जगणारी ही माणसे गावाला अनोळखी होती. तेवढ्यावरून संशय बळावला आणि जमावाच्या मारहाणीत पाचही जणांचा मृत्यू झाला. ती माणसे मुले पळवणारी नव्हती. त्यांची ओळख विचारून खातरजमा करण्यास फार वेळ लागला नसता. परंतु अफवेने भारलेल्या जमावापाशी तेवढाही धीर उरला नव्हता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप या संदेशसेवेने भारतापुरता एक बदल जाहीर केला. आलेला संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा तिने घातली. चित्रे व चित्रफितींशेजारी असलेली, त्या झटपट पुढे पाठवण्याची खूणही काढून टाकली. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा हस्तांतरित झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे ठरले. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

या उपायाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. या सेवेतील संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीला त्यांतील मजकूर वाचता येत नाही. म्हणून खरे-खोटे निवडण्याचे काम यंत्राकडे दिले गेले नाही. केवळ वेग कमी केला गेला. ज्याला मजकूर पाठवायचाच आहे, तो पुन्हा पुन्हा पाठवू शकतो. परंतु त्या प्रत्येक वेळी त्याला क्षणभर थांबावे लागते, आणि विवेक जागा होण्यास कधी कधी तो क्षणही पुरतो.

हाच विचार इतरत्रही आढळतो. गूगलच्या जीमेल या पत्रसेवेत पाठवलेले पत्र ५ ते ३० सेकंद रोखून धरण्याची सोय आहे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र तेवढ्या अवधीत मागे घेता येते. स्वीडनमधील लार्स हालनेस व योहान रेडस्ट्रॉम या संशोधकांनी तर २००१ मध्येच ‘संथ तंत्रज्ञान’ ही कल्पना मांडली होती. काम झटपट उरकणे हेच साधनाचे एकमेव ध्येय नसावे, माणसाला चिंतनासाठी अवकाश देणारी साधनेही घडवावीत, असा तिचा आशय आहे.

सर्वच ठिकाणी संथपणा हितावह नसतो. वादळाची सूचना किंवा रुग्णवाहिकेला केलेला दूरध्वनी तत्काळच पोहोचला पाहिजे. कोठे वेग हवा आणि कोठे उसंत हवी, हे ओळखणे ही साधन घडवणाऱ्याची जबाबदारी होय. मात्र गतिरोधक कितीही उत्तम असला, तरी समोर पाहण्याचे काम चालकालाच करावे लागते. राईनपाड्याची आठवण ठेवून संदेश पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

शब्दार्थ

खातरजमा – खरेपणाची खात्री करून घेणे
कूटबद्ध – इतरांना वाचता येऊ नये अशा गुप्त रूपात बदललेले
अवकाश – मोकळी जागा, सवड
उसंत – विसावा, सवड

पाठगत प्रश्न

१. पत्रलेखनात कोणती संधी मिळत असे?
२. संदेशावरील मर्यादेला ‘गतिरोधक’ का म्हणता येईल?
३. तुमच्याकडे आलेल्या एखाद्या संदेशाची खातरजमा तुम्ही कशी कराल? पाच-सहा वाक्यांत लिहा.