निदान झाले, अहवाल यावयाचा आहे : गर्भाशय-कर्करोगाच्या रुग्णेचा प्रतीक्षाकाळ आणि सत्त्वावजय

रजोनिवृत्तीनंतर काही वर्षांनी पुन्हा रक्तस्राव दिसू लागला म्हणून तपासणी झालेली स्त्री बायोप्सीचा कागद घेऊन आपल्या चिकित्सालयात येते. गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग असल्याचे त्या कागदावर लिहिलेले असते. एम.आर.आय. व्हावयाचा असतो, शस्त्रक्रियेची तारीख मिळावयाची असते आणि रोग कितपत पसरला आहे हे कोणीच सांगू शकत नसते. शल्यचिकित्सकांनी पुढील भेटीचा दिवस दिलेला असतो. तोपर्यंतचे दिवस, आणि विशेषतः रात्री, कशा काढाव्यात याचे उत्तर मात्र कोणत्याही कागदावर नसते. अनेक वर्षांच्या परिचयामुळे ती आपल्याकडे येते. या प्रतीक्षाकाळात वैद्याने काय करावे आणि काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करतो. अशाच एका रुग्णेस बायोप्सीपूर्वी आम्ही सहज म्हणून गेलो, "घाबरू नका ताई, काही निघणार नाही." रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या बहुसंख्य स्त्रियांत कर्करोग आढळत नाही, हे खरे असल्याने त्या वेळी आम्हांस आपल्या वाक्यात वावगे वाटले नाही. अहवाल आल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "वैद्य, तुम्ही तर म्हणाला होतात, काही निघणार नाही." त्या स्वरात राग नव्हता, परंतु त्यानंतर आम्ही दिलेला धीर त्यांना धीर वाटेनासा झाला. ज्या आश्वासनास आधार नाही, ते रुग्णेची आपल्यावरील श्रद्धाच खर्चून टाकते, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

प्रतीक्षा कशाची असते?

रुग्णेस समजावण्यापूर्वी वैद्याने स्वतः हे समजून घेणे आवश्यक आहे. पहिली बायोप्सी रोगाचे नाव आणि पेशींची प्रत, म्हणजेच ग्रेड, सांगते. एम.आर.आय. वा सी.टी. स्कॅनवरून गर्भाशयाच्या स्नायुस्तरात रोग किती खोल गेला आहे आणि लसीकाग्रंथी वा अन्य अवयवांत त्याच्या खुणा आहेत का, याचा अंदाज येतो. निश्चित अवस्था बहुधा शस्त्रक्रियेनंतरच ठरते. गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजकोश काढून त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. हा अहवाल येण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो.

काढलेली ऊती प्रथम फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करावी लागते, मग मेणात बसवावी लागते, तिचे अतिशय पातळ काप घेऊन ते रंगवावे लागतात. त्यानंतर संप्रेरक-ग्राही, पी-५३ आणि काही दुरुस्ती-प्रथिने यांची विशेष परीक्षणे केली जातात. २०२३ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय अवस्था-वर्गीकरणात अशा जैवरेणवीय माहितीलाही स्थान मिळाले आहे. सबब अहवालास विलंब होणे म्हणजे अहवाल वाईट असणे नव्हे. "एवढे दिवस लागले, म्हणजे काहीतरी लपवत असणार" असा तर्क जवळपास प्रत्येक घरात होतो. वरील प्रक्रिया चार वाक्यांत सांगितली तरी तो पुष्कळसा शमतो.

या रोगाची एक बाब प्रामाणिकपणे सांगता येते. रक्तस्राव हे लक्षण लवकर दिसत असल्याने पुष्कळ रुग्णांत तो गर्भाशयापुरता मर्यादित असतानाच लक्षात येतो. तथापि "तुमचाही तसाच असेल" हे पुढचे वाक्य आपण बोलू नये.

सत्त्वावजय : पाच उपाय, पाच कृती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली असून, अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह असे तिचे स्वरूप दिले आहे. त्याच स्थानात मानस दोषांच्या शमनार्थ ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे पाच उपाय येतात. आपण हे पाठ केलेले असतात. परंतु समोर रडणाऱ्या रुग्णेस ते कसे द्यावेत, याचा विचार क्वचितच होतो. आमच्या अनुभवास उतरलेली योजना पुढीलप्रमाणे आहे.

विज्ञान म्हणजे शास्त्रज्ञान. एका कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्यात आज निश्चित कळलेले, दुसऱ्यात अजून न कळलेले आणि तिसऱ्यात ते कोण व केव्हा सांगणार, हे लिहावे. भय अमर्याद असते. कागदावर उतरले की त्याला कडा येतात. शल्यचिकित्सकांना विचारावयाचे प्रश्नही रुग्णेने एका वहीत लिहून ठेवावेत.

धैर्य उपदेशाने येत नाही, कृतीने येते. उठण्याची, जेवणाची व निजण्याची वेळ ठरलेली असावी. स्वयंपाक, बाग, दुकान, नातवंडांचा अभ्यास यांपैकी जे ती करीत होती, ते झेपेल तितके तिच्याकडेच राहू द्यावे. "तू आता काही करू नकोस" असे प्रेमाने म्हणणारे घर नकळत तिला रिकामा वेळ देते आणि त्या वेळेत चिंता शिरते.

स्मृती म्हणजे अनुभवलेल्याचे स्मरण. पतीचे आजारपण, दुष्काळाचे वर्ष, अवघड बाळंतपण यांतून ती कशी तरली, हे तिलाच विचारावे. उत्तर देताना तिचा स्वर बदलतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

समाधीचा येथील व्यवहार्य अर्थ मनाला एका जागी बसविणे असा घ्यावा. चिंता करूच नको, असे सांगणे व्यर्थ होय. सायंकाळची अर्धी घटका, म्हणजे सुमारे १२ मिनिटे, चिंतेसाठी राखून ठेवावी. अन्य वेळी विचार आला तर "तुझी वेळ सायंकाळी" म्हणून तो पुढे ढकलावा. ही वेळ निजण्याच्या लगतची नसावी. नंतर संथ श्वसन आणि रुग्णेची सवय असल्यास नामस्मरण करावे. सवय नसेल तर आग्रह धरू नये.

ज्ञान म्हणजे अध्यात्मज्ञान, असा अर्थ चक्रपाणींनी केला आहे. येथे आम्ही एक सावधगिरी सुचवितो. "माझे कोणते पाप भोवले?" असा प्रश्न रुग्णा हमखास विचारते. पूर्वकर्माचे प्रवचन हे त्याचे उत्तर नव्हे. स्थौल्य, प्रमेह, अपत्य नसणे, काही कुटुंबांतील आनुवंशिक दोष यांमुळे या रोगाची शक्यता वाढते. परंतु त्यांपैकी एकही नसलेल्या स्त्रीसही तो होतो. तो स्पर्शाने वा सहवासाने पसरत नाही, हेही पतीच्या समक्ष स्पष्ट सांगावे. निपुत्रिक स्त्रीला या काळात बोल लागत असतील तर ते थांबविणे हीदेखील चिकित्साच आहे.

कोणास किती सांगावे?

"त्यांना काही सांगू नका" अशी विनंती मुले बाहेरच्या खोलीत करतात. विमानस्थानातील शिष्यास दिलेल्या उपदेशाचा आधारही कधी पुढे केला जातो. रुग्णाचे आयुष्य क्षीण झाल्याचे कळले तरी, जेथे सांगितल्याने त्याचा वा इतरांचा घात होईल तेथे ते बोलू नये, असा त्याचा आशय आहे. आमच्या मते हा नियम आयुर्मर्यादेच्या भाकितास व घाताच्या संभवास लागू आहे. रोगाचे नाव लपविण्याची ती सरसकट अनुज्ञा नव्हे. प्रस्तुत अवस्थेत तर आयुष्याविषयी काहीच ठरलेले नसते. शिवाय निर्देशपालन, निर्भयता आणि आपली लक्षणे नीट सांगणे हे रुग्णाचे गुण चरकानेच सांगितले आहेत. अंधारात ठेवलेल्या रुग्णेकडून ते कसे अपेक्षावेत?

यासाठी प्रथम रुग्णेलाच विचारावे : "तुम्हांला सर्व ऐकावयाचे आहे, की थोडेथोडे? सोबत कोण असावे?" ती सांगेल ती मर्यादा पाळावी. नातलगांना वार्ता देण्यासाठी घरातील एकच व्यक्ती नेमावी, म्हणजे दिवसातून दहा वेळा तोच वृत्तांत सांगण्याचा छळ टळतो.

औषधयोजनेतील संयम

हा भाग विशेष जबाबदारीचा आहे. निदान होण्यापूर्वीच्या टप्प्यावर, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव प्रदर समजून केवळ स्तंभन औषधांनी दाबू नये. तपासणी आधी व्हावी. निदानानंतर योनिपिचू, उत्तरबस्ती आणि शोधनकर्मे टाळावीत. शतावरी व ज्येष्ठमध यांच्या इस्ट्रोजेनसदृश क्रियेविषयी शंका असल्याने, आणि हा रोग बहुधा त्या संप्रेरकावर वाढणारा असल्याने, ही द्रव्ये आपण होऊन देऊ नयेत. ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हेही भूल देण्याच्या दृष्टीने अनिष्ट होय. गुग्गुळ, लसूण व हळदीचे अर्क रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात.

निद्रानाशासाठी सर्पगंधा देण्याचा मोह होतो. तिच्यातील रिसर्पिनमुळे विषाद बळावल्याच्या नोंदी असल्याने या रुग्णांत ती वर्ज्य समजावी. अश्वगंधा व जटामांसी यांच्या ग्लानिकारक क्रियेची भुलीच्या औषधांशी भर पडू शकते. शस्त्रक्रियेच्या सुमारे दोन आठवडे आधी अशी औषधे थांबविण्याची सर्वसाधारण शिफारस आहे. रुग्णा घेत असलेल्या प्रत्येक कल्पाची नावानिशी यादी शल्यचिकित्सकांकडे पाठवावी. रात्री कोमट तिळतेलाने पादाभ्यंग, हलके व वेळेवर भोजन, दुपारची झोप टाळणे, एवढ्यानेही अनेकींची झोप सुधारते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, दीर्घ रक्तस्रावामुळे आलेल्या पांडुतेत हृद्द्रव, श्वास व थकवा दिसतात आणि ती लक्षणे भयाची म्हणून दुर्लक्षिली जातात. हिमोग्लोबिन पाहिल्याविना "मनाचे आहे" असे म्हणू नये.

आपल्या मर्यादेपलीकडे केव्हा?

रुग्णेस ० ते १० या पट्टीवर गेल्या आठवड्यातील मनस्ताप दाखविण्यास सांगावे. ४ वा अधिक अंक आल्यास सविस्तर विचारणा करावी, अशी कर्करोगचिकित्सेतील प्रचलित पद्धत आहे. अन्न सुटणे, सलग रात्री झोप नसणे, घराशी बोलणे बंद होणे ही लक्षणे असतील तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. "जगणे नकोसे वाटते का?" हा प्रश्न सरळ विचारावा, विचारल्याने तसा विचार उत्पन्न होत नाही. होकार आल्यास रुग्णेस एकटे सोडू नये. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तासाभरात पॅड भिजविणारा रक्तस्राव, भोवळ, ताप वा तीव्र वेदना असल्यास तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

अहवाल येण्यापूर्वी नातलग प्रथम आपल्या दुकानात येतात आणि "गाठीवर काही द्या" म्हणतात. त्या क्षणी आपण दिलेली बाटली रुग्णेस शस्त्रक्रियेपासून दूर नेऊ शकते. काही दिवसांची वैद्यकीय प्रतीक्षा आणि "आधी हे करून पाहू" म्हणून घालविलेले महिने यांत फार अंतर आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय अधिनियमानुसार निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे. "पुढची तारीख कधी आहे? ती चुकवू नका" एवढे वाक्य गल्ल्यावरून बोलले तरी ते मोलाचे औषध होईल. खर्चाची चिंता असणाऱ्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करण्यास सांगावे.

उपसंहार

रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास चरकाने अग्रस्थान दिले आहे. विषाद दूर केल्याने कर्करोग बरा होतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आणि धीर सुटलेल्या रुग्णेस "तुझ्या चिंतेने रोग वाढेल" असे तर मुळीच सांगू नये. मात्र विषादाने ग्रासलेली रुग्णा तारीख चुकविते, जेवत नाही, औषध टाळते, हे आपण नित्य पाहतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या भगिनी पुन्हा आल्या तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, "त्या दिवशी मी माहीत नसलेले बोललो, चुकलो. आज जे माहीत आहे तेवढेच सांगतो, आणि अहवाल येईपर्यंत दर गुरुवारी तुम्ही या." त्यांनी मान डोलावली. पुढील गुरुवारी त्या आल्या, प्रश्नांची वही सोबत होती. अहवाल काय यावा, हे आपल्या हाती नसते. तो येईपर्यंत रुग्णा एकटी राहू नये, ही व्यवस्था मात्र आपण प्रत्येक जण आपापल्या चिकित्सालयातून करू शकतो.