टाचेमागील कंडरा

स्नायू हाडाला ओढतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु पोटरीचा स्नायू टाचेपर्यंत पोहोचतच नाही. त्याचे टोक एका पांढऱ्या, चिवट दोरात रूपांतरित होते आणि तो दोर टाचेच्या हाडात रुजतो. शरीरशास्त्रात यास कंडरा म्हणतात. मानवी देहातील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा घोट्यामागे चिमटीत धरता येते.

तिचे तंतू कोलॅजन नामक प्रथिनाचे असून विश्रांतीच्या स्थितीत नागमोडी असतात. ताण पडताच प्रथम ही वळणे सरळ होतात. त्यानंतर मात्र कंडरा ताठ स्प्रिंगप्रमाणे वागू लागते. मूळ लांबीच्या सुमारे ४ टक्क्यांहून अधिक ताणल्यास सूक्ष्म तंतू तुटू लागतात. ८ ते १० टक्क्यांच्या सुमारास ती समूळ तुटते. धावताना पाऊल टेकले की ती ताणली जाते, आणि टाच उचलताना साठवलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के परत देते. कांगारूच्या उडीचे आपण कौतुक करतो, तत्त्व हेच.

१९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन वाढला व तो त्या काळी वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात मुरला. संहाराच्या साधनाने शरीरशास्त्राला असे घड्याळ द्यावे, हे विलक्षणच! २०१३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याआधारे दाखविले की, या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो. पुढे त्याचे नूतनीकरण जवळजवळ होत नाही. म्हणजे वसतिगृहातील मुले पटांगणावर धावतात, त्याच वयात त्यांची आयुष्यभराची कंडरा विणली जात असते. सुट्टीतही त्यांना खेळू द्यावे, ते यासाठी.

पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी ऐनवेळी करणाऱ्या तरुणांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. कंडरेस रक्तपुरवठा अल्प, म्हणून तिला महिने लागतात. बळावलेला स्नायू मग अप्रस्तुत कंडरेला ओढतो. सकाळी पहिली पावले टाकताना टाचेमागे आखडल्यासारखे वाटणे, ही आरंभीची खूण. तेव्हा अंतर कमी करावे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम तज्ज्ञाच्या सल्ल्याने बारा आठवडे करावा. मागून कुणी लाथ मारल्याचा भास झाला आणि पालथे झोपून पोटरी दाबल्यावर पाऊल हललेच नाही, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे.