शिकवणी लावा, पण पूर्वपक्षासह

तत्त्वज्ञानाची खासगी शिकवणी लावणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे, की विषय फार लवकर सोपा वाटू लागला तर सावध व्हा. जळगाव-धुळ्याकडे हा विषय घेणारे बरेचजण परीक्षेच्या घाईत असतात, आणि वही झटपट भरते: मायावाद, चार मुद्दे, आक्षेप, तीन मुद्दे, निष्कर्ष. गुण मिळतातही. पण आक्षेप सरांचा आणि उत्तरही सरांचेच असले, तर विद्यार्थ्याने विचार कधी केला? वर्गात निदान मागच्या बाकावरून कुणीतरी अडवतो. शिकवणीत समोर एकटाच बसलेला मुलगा मान डोलावतो आणि वर्षभरात सरांच्या मतांना स्वतःची मते समजू लागतो. हा धोका वाईट शिक्षकापेक्षा चांगल्या, ओघवत्या शिक्षकाकडे जास्त, असे माझे ठाम मत आहे.

आधी पाया पक्का होऊ द्या, शंका नंतर, असे पालक म्हणतात. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत मात्र उलटी आहे: तिथे पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आधी आणि सिद्धान्त, म्हणजे स्वतःचे मत, नंतर. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य सांख्यांची बाजू सविस्तर मांडूनच खोडतात. अमळनेरला प्रतापशेठांच्या आश्रयाने १९१६ साली उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिराचे उदाहरण तर घरचेच. तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी १९३३ साली ‘अज्ञान’ हा इंग्रजी ग्रंथ मिळून काढला. वेदान्तातला प्रश्न एकच, पण प्रत्येकाची मांडणी स्वतंत्र. एका छताखाली राहून मते वेगळी ठेवता येतात, याचा हा छापील पुरावा आहे. कुणी म्हणेल, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. एकाच्याच तोंडून ऐकून माणसे घडलीच ना? घडली. पण ते प्रवचन होते. प्रवचनाने श्रद्धेला दिशा मिळते. युक्तिवाद तपासण्याची सवय मात्र स्वतः तपासल्यानेच लागते.

ती सवय लावणारा धडा न्यायशास्त्रातल्या जुन्या उदाहरणावर घेता येतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे मुलाला पटते. मग विचारावे: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चालेल का? चालेल, असे तो बहुधा म्हणेल. तिथे उत्तर सांगू नये. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्याच्यापुढे ठेवावा आणि थांबावे. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने येतो? ओल्या सरपणापर्यंत तो स्वतः पोचला, तर तासभर गेला तरी तो सत्कारणी लागला. मात्र प्रत्येक वाक्याला फाटे फोडणे म्हणजे चिकित्सा नव्हे. नैयायिकांनी सत्यासाठीचा वाद आणि जिंकण्यासाठीचा जल्प वेगळे ठेवले आहेत, आणि शिकवणीत जल्प फार लवकर शिरतो.

म्हणून फी भरण्याआधी सरांना एवढेच विचारा: तुमच्या मताविरुद्धचे कोणते पुस्तक मला वाचायला द्याल? नाव सांगता आले नाही, तर दुसरे सर शोधा.