फिल्टर दोन दिवसांतच का बदलला?

प्रश्न : फॅल्सिपेरम मलेरियात मूत्रपिंडं निकामी झाल्याने काकांना नागपूरला हलवलं. आयसीयूत चोवीस तास डायलिसिस चालू आहे. फिल्टर तीन दिवस टिकतो म्हणे. आमचे दोन दिवसांत दोन बदलले. मशीन खराब आहे का?
— एक वाचक, अहेरी (जि. गडचिरोली)

उत्तर : बहुधा नाही. ७२ तास ही सहसा वापराची कमाल मर्यादा असते. तितका टिकेलच असं नाही. फिल्टरमधल्या हजारो बारीक पोकळ नळ्यांत रक्त गोठलं की दाब चढतो, गाळणं मंदावतं. पूर्ण बंद पडला तर आतलं रक्तही वाया जातं, म्हणून डॉक्टर तो आधीच बदलतात.

कारण अनेकदा कॅथेटरमध्ये, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीत, सापडतं. मांडीतला कॅथेटर पाय दुमडला की अडतो. मानेच्या उजव्या बाजूचा सहसा नीट वाहतो. फिल्टरमध्ये रक्तातलं पाणी फार ओढलं गेलं, तरी रक्त दाटतं.

हेपारिनने गोठणं रोखता येतं. पण गंभीर मलेरियात प्लेटलेट घटतात, तिथे ते धोक्याचं. ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनी सायट्रेटला पसंती दिली. ते मशीनच्या नळीतल्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तिथे रक्त गोठत नाही. रुग्णाला कॅल्शियम वेगळं देतात. यकृत फार बिघडलं असेल तर मात्र जपावं लागतं.

डॉक्टरांना विचारा : कॅथेटर नीट वाहतोय का? सायट्रेट देता येईल का? वारंवार थांबूनही ताशी, दर किलो वजनामागे २० ते २५ मिली हा डायलिसिसचा डोस मिळतोय का? रक्तदाब स्थिरावल्यावर रोज काही तासांचं संथ डायलिसिस पुरेल का? त्यात खर्चही कमी होतो.